आकडा मोजला कुठे? प्रकाशतंतूवरच्या वेगाच्या एककांचा आढावा

वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींची नावे मराठवाड्याबाहेर ओळखली जातात ती दुचाकी, मोटारी, औषधे आणि बिअर यांच्यामुळे. देशातल्या प्रकाशतंतूचा मोठा वाटा इथेच ओढला जातो, हे खुद्द छत्रपती संभाजीनगरातही थोड्यांनाच ठाऊक असते. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या इथल्या कारखान्यांत सिलिकॉन टेट्राक्लोराइडच्या वाफेपासून अतिशुद्ध काचेचा दांडा, म्हणजे प्रीफॉर्म, तयार होतो. तो दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की त्यातून १२५ मायक्रॉन जाडीचा तंतू ओढता येतो. रिळावर चढून हा तंतू बाहेर पडतो तेव्हा त्याच्या तपासणीच्या कागदावर लांबी असते. दर किलोमीटरला प्रकाश किती क्षीण होतो ते डेसिबलमध्ये असते आणि प्रकाशाचा ठोका किती पसरतो ते पिकोसेकंदांत असते. ‘मेगाबिट प्रतिसेकंद’ असा रकाना त्या कागदावर नसतो. काचेला स्वतःचा वेग नाही. तो देतात तिच्या दोन टोकांना बसवलेली यंत्रे.

हाच तंतू सेवा म्हणून विकत घ्यायला जावे, तर पहिला प्रश्न वेगाचाच येतो आणि उत्तरे वेगवेगळ्या घराण्यांतली मिळतात. कोणी १०० एमबीपीएस म्हणतो, कोणी एसटीएम-१. परदेशी कंपनीच्या कागदावर ओसी-१२ असते आणि नव्या दरपत्रकात ‘१०जी’. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यांचे परस्पर रूपांतर करायला सांगतात. १०० मेगाबाइट प्रतिसेकंद म्हणजे किती ओसी? बाइटचे बिट केले की ८०० मेगाबिट, त्याला ओसी-१ च्या ५१.८४ ने भागले की १५.४३. गणित बरोबर आहे. पण १५.४३ ओसीची लाइन जगात कोणी देत नाही आणि देता आली तरी तिच्यातून ८०० मेगाबिट पार होणार नाहीत. या विषयावर जे काही शिकवले आणि विकले जाते, त्यातली मुख्य उणीव हीच आहे असे माझे मत आहे. भागाकार सगळे सांगतात. भाज्य आणि भाजक कुठल्या जागी मोजले, ते कोणी सांगत नाही.

या आकड्यांची मुळे टेलिफोनच्या आवाजात आहेत. बोलणे समजायला सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंतची कंपने पुरतात. थोडी मोकळीक ठेवून ४,००० हर्ट्झ धरले, तर आवाज नीट पकडायला सेकंदाला ८,००० वेळा त्याचे माप घ्यावे लागते. प्रत्येक माप आठ बिटांचे, म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट. दोन मापांमधले अंतर १२५ मायक्रोसेकंद. अमेरिकेने अशी २४ संभाषणे एकत्र करून १.५४४ मेगाबिटची टी-१ लाइन बनवली. युरोपने ३२ कप्पे घेतले. त्यांतले ३० बोलण्यासाठी, एक ताळमेळासाठी, एक संकेतांसाठी. त्यातून २.०४८ मेगाबिटची ई-१ लाइन आली. भारताने युरोपचा मार्ग धरला. आवाजाचे अंक करून पाठवणारी देशातली पहिली पीसीएम व्यवस्था १९७५ साली मुंबई शहर आणि अंधेरीच्या टेलिफोन केंद्रांदरम्यान सुरू झाली. स्थानिक टेलिफोन केंद्रे जोडणारी पहिली प्रकाशतंतू व्यवस्था १९७९ मध्ये पुण्यात आली. म्हणजे या इतिहासाची पहिली दोन्ही पाने महाराष्ट्रातली आहेत. पुढे औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांनी ईपीएबीएक्ससाठी ३० चॅनेलची पीआरआय लाइन घेतली, तीही ई-१ वरच चालणारी.

पुढच्या पायऱ्या पाहिल्या की आकडे बिनसलेले वाटतात. चार ई-१ एकत्र केल्यावर ८.१९२ मेगाबिट व्हायला हवेत, पण ई-२ चा वेग ८.४४८ आहे. चार ई-२ चे ३३.७९२ व्हावेत, तर ई-३ आहे ३४.३६८. ई-४ तर १३९.२६४. हा फरक जाणूनबुजून ठेवलेला आहे. प्रत्येक टेलिफोन केंद्राचे घड्याळ किंचित वेगळे चालायचे आणि ई-१ ला दहा लाखांत ५० भागांची तफावत चालत असे. वेगवेगळ्या घड्याळांवर आलेले प्रवाह एकत्र करायचे तर मध्ये भरतीचे बिट घालावे लागत आणि पलीकडे ते काढावे लागत. या रचनेची अडचण दुसरीकडे होती. ई-४ च्या प्रवाहातून वाटेतल्या गावासाठी एकच ई-१ उतरवायची, तर सगळा प्रवाह पायरी-पायरीने उलगडून पुन्हा बांधावा लागे.

ही अडचण दूर करायला अमेरिकेत बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेने सोनेट ही रचना मांडली आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर सीसीआयटीटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने १९८८ मध्ये तिच्याच धर्तीची एसडीएच मान्य केली. दोन्ही बाजूंनी माघार घेतल्याशिवाय हे जुळले नसते. अमेरिकेचा प्रस्ताव १३ ओळींच्या चौकटीचा होता, तर युरोपला ९ ओळी हव्या होत्या, कारण त्यांच्या २.०४८ च्या लाइनी तिच्यात नीट बसत. शेवटी ९ ओळींवर एकमत झाले. ९ ओळी आणि ९० स्तंभ म्हणजे ८१० बाइटची चौकट. ती दर १२५ मायक्रोसेकंदाला एक, सेकंदाला ८,००० वेळा जाते. ८१० गुणिले ८ गुणिले ८,००० म्हणजे ५१.८४ मेगाबिट. हाच ओसी-१. युरोप आणि भारतासाठी पहिली पायरी त्याच्या तिप्पट, २७० स्तंभांची: एसटीएम-१, १५५.५२ मेगाबिट. पुढच्या प्रत्येक पायरीला सरळ चारने गुणायचे. एसटीएम-४ म्हणजे ६२२.०८, एसटीएम-१६ म्हणजे २,४८८.३२, एसटीएम-६४ म्हणजे ९,९५३.२८ आणि एसटीएम-२५६ म्हणजे ३९,८१३.१२ मेगाबिट. ओसीचा क्रमांक हवा असेल तर एसटीएमच्या क्रमांकाला तीनने गुणावे: एसटीएम-४ म्हणजे ओसी-१२, एसटीएम-६४ म्हणजे ओसी-१९२. भरतीच्या बिटांचा जुना घोळ इथे संपतो आणि पाढ्यासारखी स्वच्छ मांडणी मिळते. १२५ मायक्रोसेकंदाची चौकट मात्र टेलिफोनच्या आवाजातूनच आलेली आहे.

इथवर रूपांतर हा निव्वळ पाढा आहे. खरा प्रश्न पुढे येतो. वजनकाट्यावर भरलेला ट्रक चढवला की जो आकडा येतो, तो मालाचा नसतो. ट्रकचे वजन वजा केल्यावरच माल कळतो. १५५.५२ हा भरलेल्या ट्रकचा आकडा आहे. एसटीएम-१ च्या २७० स्तंभांपैकी ९ स्तंभ देखरेख, चूक ओळखणे आणि पॉइंटर यांच्यासाठी राखलेले असतात. उरलेल्या २६१ मधला एक वाटेच्या नोंदीत जातो. ग्राहकाच्या वाट्याला २६० स्तंभ, म्हणजे १४९.७६ मेगाबिट येतात. ई-१ भरायच्या तर गळती आणखी वाढते. १५५.५२ ला २.०४८ ने भागले तर जवळपास ७६ येतात. प्रत्यक्षात एसटीएम-१ मध्ये ६३ ई-१ बसतात, एकही जास्त नाही. ६३ ई-१ मिळून १२९.०२४ मेगाबिट होतात, म्हणजे ट्रकच्या एकूण वजनाचे ८३ टक्के. ई-३ चे तेच. भागाकार साडेचार सांगतो, म्हणून चार तरी बसतील असे वाटते. बसतात तीनच, कारण चौकटीचे खण आधीच ठरलेले आहेत. निव्वळ भागाकारावर विसंबून लाइनींची आखणी केली, तर ऐन वेळी १३ ई-१ ना जागा मिळत नाही.

दूरसंचार नियामक ट्रायने देशांतर्गत लीज लाइनींचे कमाल दर ठरवले तेही ई-१, एसटीएम-१ अशा पायऱ्यांनीच. त्यामुळे बँका, विद्यापीठे, सरकारी कार्यालये यांच्या करारांत ही नावे खोल रुजली. संगणक मात्र इथरनेट बोलतो आणि त्याच्या पायऱ्या दहाच्या पटीत: १०, १००, १,००० मेगाबिट. दोन्ही जिने जुळत नाहीत. गिगाबिट इथरनेट एसटीएम-४ मध्ये मावत नाही आणि एसटीएम-१६ त्याला दिला तर निम्म्याहून अधिक जागा वाया जाते. उपाय म्हणून खण जोडण्याची पद्धत आली. एसटीएम-१ च्या आकाराचे सात खण एकत्र धरले की १,०४८.३२ मेगाबिट होतात आणि गिगाबिट इथरनेट त्यात नेटके बसते. १०० मेगाबिटसाठी ई-१ नेणारे ४६ खण लागतात, १० मेगाबिटसाठी पाच. ‘१०० एमबीपीएस म्हणजे किती एसटीएम-१?’ याला ०.६४ हे उत्तर दिले तर गुण मिळतील, पण यंत्र बसवणाऱ्या अभियंत्याला ४६ हाच आकडा लागतो.

दहा गिगाबिटपाशी तर घोळ पैशांत मोजावा लागतो. एसटीएम-६४ ला सगळेच बोलताना ‘१०जी’ म्हणतात. त्याचा एकूण वेग ९.९५३२८ गिगाबिट आणि आत माल नेता येतो ९.५८४६४ गिगाबिट. दहा गिगाबिट इथरनेटचा माल पुरता १० गिगाबिट आहे आणि संकेतन धरून तारेवर त्याचा वेग होतो १०.३१२५. म्हणजे ‘१०जी’ मध्ये ‘१०जी’ मावत नाही. म्हणून इथरनेटवाल्यांना ९.५८ वर चालणारा खास प्रकार काढावा लागला आणि प्रसारणवाल्यांना दुसरीकडून मोठी पेटी बनवावी लागली.

ती पेटी ओटीएनच्या, म्हणजे ऑप्टिकल ट्रान्सपोर्ट नेटवर्कच्या, कुटुंबातली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.७०९ ही शिफारस त्यासाठी २००१ मध्ये आली. आज शहरा-शहरांमधल्या मुख्य वाहिन्या एसटीएमपेक्षा ओटीएनच्या भाषेत मोजल्या जातात. त्यातले आकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतात: ओटीयू-१ म्हणजे २.६६६, ओटीयू-२ म्हणजे १०.७०९, ओटीयू-३ म्हणजे ४३.०१८ आणि ओटीयू-४ म्हणजे १११.८१ गिगाबिट. यांचा उगम कळला की धाक उरत नाही. एसटीएम-१६ च्या २.४८८३२ ला २५५ भागिले २३८ ने गुणा, ओटीयू-१ मिळतो. एसटीएम-६४ ला २५५ भागिले २३७ ने गुणा, ओटीयू-२ मिळतो. जादा भाग आहे तो नोंदींचा आणि वाटेत बिघडलेले बिट दुरुस्त करणाऱ्या संकेताचा. म्हणजे एसटीएमच्या ट्रकभोवती आणखी एक मोठा ट्रक. जुनी एकके मोडीत निघाली असे म्हणणाऱ्यांनी हे गुणाकार पाहावेत. नव्याच्या पोटात जुने जसेच्या तसे आहे.

याचा सर्वांत ठळक दाखला आपल्या घरात आहे. संभाजीनगरच्या सिडको, गारखेडा किंवा पडेगावातल्या फ्लॅटमध्ये फायबर इंटरनेटची छोटी पांढरी डबी लावलेली असते. ती बहुतेक वेळा जीपॉन, म्हणजे एकच तंतू अनेक घरांत वाटणाऱ्या, पद्धतीची असते. केंद्राकडून घराकडे येणारा तिचा वेग २.४८८३२ गिगाबिट, म्हणजे नेमका एसटीएम-१६. घरून केंद्राकडे १.२४४१६, त्याच्या बरोबर निम्मा. चौकट पुन्हा १२५ मायक्रोसेकंदाची. एकाच तंतूवर ३२ घरे असली, तर प्रत्येकाच्या सरासरी वाट्याला ७७.७६ मेगाबिट येतात, एसटीएम-१ च्या तंतोतंत निम्मे. जागा मागणीप्रमाणे वाटली जाते, म्हणून शेजारी झोपलेले असताना आपल्याला ३०० मेगाबिटही मिळतात. त्याहून नव्या एक्सजीएस-पॉनचा वेग ९.९५३२८ गिगाबिट, म्हणजे एसटीएम-६४. त्यातून चूक-दुरुस्तीचा भाग वजा केला की सुमारे ८.६७ गिगाबिट उरतात. ‘१० गिगाबिट’ अशी जाहिरात वाचणाऱ्याला हा दुसरा आकडा आधी दिसायला हवा.

ग्रामीण भागाचीही हीच कथा आहे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० मेगाबिट हे तिचे उद्दिष्ट आणि तालुक्यापासून गावापर्यंतचे पहिले जाळे जीपॉनचेच. म्हणजे पैठण किंवा कन्नड तालुक्यातल्या ग्रामपंचायतीने मोजून घ्यायचे ते १०० मेगाबिट २.४८८ गिगाबिटच्या सामायिक प्रवाहातले असतात. तंतू गावात पोहोचला म्हणजे वेग पोहोचला, असा अर्थ त्यातून निघत नाही. एका तंतूवर किती पंचायती टांगल्या आहेत आणि तालुक्यापासून पुढची वाहिनी किती रुंद आहे, यावर खरा वेग ठरतो. योजनेच्या प्रत्येक आढाव्यात किलोमीटर मोजले जातात. गावच्या टोकाला प्रत्यक्ष किती मेगाबिट मिळतात, हा आकडा तितक्याच ठळकपणे छापला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

घरच्या मोजणीतही अशाच गळत्या आहेत. १०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल उतरवताना संगणक सेकंदाला साडेबारा मेगाबाइटऐवजी पावणेबारा दाखवतो, तेव्हा लोक फसवणूक झाल्याचे समजतात. इथरनेटचे पाकीट १,५०० बाइटचे. तारेवर ते १,५३८ बाइटची जागा घेते. पाकिटातले ४० बाइट पत्त्यांत जातात. उरलेला शुद्ध माल १,४६०, म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास. त्यात डिस्कच्या मोजमापाची भर पडते. एक टेराबाइटचा साठा एसटीएम-१ वरून पाठवायचा आहे असे धरू. १५५.५२ ने भागले तर १४ तास १७ मिनिटे येतात, १४९.७६ ने भागले तर १४ तास ५० मिनिटे. टेराबाइट हजाराच्या पटीत न मोजता १,०२४ च्या पटीत मोजला, तर सव्वासोळा तासांच्या पुढे. यात पाकिटांची गळती धरलेलीच नाही. लाइन तीच, साठा तोच, तरी आकडा कुठल्या जागी धरला यावर दोन तासांचा फरक पडतो.

आणखी एका गल्लतीचा उल्लेख करायला हवा. घरी आलेला तंत्रज्ञ मीटर लावून म्हणतो, “पॉवर मायनस बावीस येतेय.” हा वेग नव्हे, हे प्रकाशाच्या शक्तीचे माप आहे. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट, उणे वीस म्हणजे त्याचा शंभरावा भाग. उणे सत्तावीसच्या खाली गेले की घरातल्या डबीला प्रकाश ओळखता येईनासा होतो. शक्ती पुरेशी असेल तर वेग ठरल्याप्रमाणे मिळतो. ती वाढवून वेग वाढत नाही. एका प्रकाशाचे ३२ वाटे केले की निव्वळ वाटणीतच १५ डेसिबल जातात, म्हणून तंत्रज्ञ त्या आकड्याकडे इतके पाहतो.

वेग आणि काच यांची गाठ पडते ती वेगळ्या जागी. काचेत प्रकाशाचा ठोका पुढे जाता जाता पसरतो आणि मागच्या ठोक्यात मिसळतो. वेग चौपट केला की ठोके चौपट आखूड होऊन चौपट पसरतात आणि त्यांतले अंतरही चौपट कमी होते, म्हणून सहन होणारे अंतर सोळापट घटते. नेहमीच्या तंतूवर, पसरणे दुरुस्त न करता, एसटीएम-१६ हजारेक किलोमीटर नेता येतो. एसटीएम-६४ साठ किलोमीटरच्या आसपास दमतो, म्हणजे संभाजीनगरहून निघाला तर जालन्यापर्यंत जेमतेम. एसटीएम-२५६ चार किलोमीटरच्या आत, म्हणजे शहराबाहेरही पडत नाही. संकेताचा आयाम आणि कला दोन्ही ओळखून संगणकीय गणिताने पसरणे उलटवणारे ग्राही आल्यावरच १०० गिगाबिट आणि त्यापुढचे वेग शेकडो किलोमीटर जाऊ लागले. तीच काच, तेच १२५ मायक्रॉन. टोकांची यंत्रे बदलली.

एसटीएमची यंत्रे आता हळूहळू निघत आहेत आणि दूरसंचार कंपन्या पाकिटांच्या जाळ्यावर गेल्या आहेत. तरीही विजेच्या उच्चदाब मनोऱ्यांवरच्या तारांत गुंफलेल्या तंतूंवर संरक्षक संकेतांसाठी ई-१ आणि एसटीएम अनेक ठिकाणी चालू आहेत, कारण तिथे वेगापेक्षा ठरलेल्या वेळेत पोहोचणे महत्त्वाचे असते. म्हणून ही एकके अभ्यासक्रमातून काढू नयेत. शिकवण्याची पद्धत मात्र बदलावी. कोष्टक पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्याला चौकट काढायला लावावी, स्तंभ मोजायला लावावेत आणि प्रत्येक उत्तरासमोर ‘एकूण’ की ‘माल’ हे लिहायला लावावे. ज्या शहरात हा तंतू बनतो, तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी याची सुरुवात करावी, अशी अपेक्षा गैर नाही.

आणि ज्यांना लाइन विकत घ्यायची आहे, मग ते वाळूजचे लघुउद्योजक असोत, रुग्णालये असोत की ग्रामपंचायती, त्यांनी करारात वेगाच्या आकड्याशेजारी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: हा वेग कुठल्या थरावर मोजलेला आहे आणि तो किती जणांत वाटलेला आहे. ही दोन उत्तरे कागदावर आल्याशिवाय सही करू नये.